तेल किती, पाणी किती?



माझे शिक्षण सातवीपर्यंत; चुकले तर सांभाळून घ्या. आमच्या मळ्यात पाणाड्याच्या शब्दावर बोअर घेतली. माझ्या पाटल्या मोडल्या आणि निघाला नुसता फुफाटा.

माझा भाचा समुद्रातल्या तेलाच्या कामावर आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली ‘सागर सम्राट’ जहाजाने तेल शोधले, तिथे. मला वाटे, खाली तेलाचे तळेच असेल! तसे नाही. चुनखडीच्या खडकाला बारीक छिद्रे असतात. भिजल्या विटेत पाणी मुरावे, तसे त्यांत तेल आणि खारे पाणी शेजारी शेजारी राहते. भोक पाडले की त्यात तारेने यंत्र सोडून खडक वीज किती अडवतो ते मोजतात. खारे पाणी वीज नेते, तेल नेत नाही. छिद्रे किती हे ठाऊक असले, की अडथळ्यावरून पाण्याचा वाटा काढता येतो. अमेरिकेतील आर्ची यांनी १९४२ साली हा हिशेब सूत्रात बसवला.

पण यात फसगतही आहे. लोणारचे खारे पाणी वीज सहज नेईल, आपल्या पैनगंगेचे गोडे पाणी पुष्कळच अडवील. म्हणजे गोड्या पाण्यालाच तेल समजायचे! म्हणून तिथले पाणी किती खारे हे आधी पाहावे लागते. नाहीतर एवढा खर्च करून वर यायचे पाणीच.

मी भाच्याला म्हटले, “आमच्या पाटल्या वाचल्या असत्या का रे?”

“आत्या, पाण्यासाठीही जमिनीला वीज लावून पाहतात. खात्री नसते, पण अंदाज येतो. आधी विचारायचे होतेस.”

यंदा धाकट्या जाऊबाई बोअर घेणार आहेत. मोजणारा आल्याशिवाय मशीन मळ्यात येऊ द्यायचे नाही, असे मी त्यांना बजावले आहे.