चारही इंडिकेटर एकदम लावताना
दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून माणसं ऊसतोडीला निघतात. रात्री रस्त्याकडेला बंद पडलेली मोटारसायकल मागून येणाऱ्या ट्रकला लवकर दिसत नाही. म्हणून काहीजण चारही इंडिकेटर एकदम लागणारं बटण बसवून घेतात. तेव्हा मेकॅनिकला तीन गोष्टी विचारा.

डाव्या-उजव्या वायरी नुसत्या पिळून तर जोडल्या नाहीत ना? तसं केलं, तर डावीकडं वळतानाही चारही लागतात. मध्ये डायोड हवेत, नाहीतर दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारं बटण.

फ्लॅशर चार दिव्यांचा भार पेलतो का?

वायर फ्यूजमधून घेतली का? नाहीतर शॉर्ट झाल्यावर वायरिंग जळतं.

आणि हे दिवे गाडी थांबल्यावरच लावा. चालताना लावले, तर आपण कुठं वळणार, हे मागच्याला कळत नाही.