वीस वॅटचा ॲम्प्लिफायर आणि त्याचे वारस

घरात गाणी ऐकायला ॲम्प्लिफायर घ्यायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न वॅटचा निघतो. हा पन्नास वॅटचा, तो शंभरचा, हा तर दोनशेचा. जास्त वॅट म्हणजे जास्त चांगला, असं आपण धरून चालतो. आज मी एकाच नावाच्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या तीन पिढ्या तुमच्यापुढे मांडणार आहे. त्या पाहिल्यावर वॅटचा आकडा किती थोडं सांगतो ते तुमच्या लक्षात येईल, अशी माझी खात्री आहे.

हा ॲम्प्लिफायर म्हणजे नॅड कंपनीचा ३०२०. न्यू अकूस्टिक डायमेन्शन या नावाची ही कंपनी १९७२ साली सुरू झाली. १९७८ मध्ये तिने ३०२० बाजारात आणला. त्याची रचना एरिक एडवर्डसन या नॉर्वेजियन अभियंत्याची होती आणि जुळणी तैवानमध्ये होत असे. राखाडी रंगाचा साधा डबा, वजन पाच किलोच्या आसपास, पुढे आवाजाचं मोठं बटण आणि शेजारी बास, ट्रेबल, बॅलन्सची छोटी बटणं. ताकद किती? दर चॅनेलला फक्त वीस वॅट. त्या काळात मोठमोठ्या कंपन्यांची वॅटची शर्यत लागलेली होती, आणि हा साधा, स्वस्त डबा लाखांनी विकला गेला. हाय-फायच्या इतिहासात इतक्या घरांत पोहोचलेले ॲम्प्लिफायर फार थोडे आहेत.

आता वीस वॅट म्हणजे किती, ते पाहू. आपला कान वॅट मोजत नाही. ताकद दुप्पट केली की आवाज तीन डेसिबलने वाढतो, आणि तीन डेसिबल म्हणजे ऐकणाऱ्याला जाणवेल एवढाच फरक. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण दहापट ताकद लागते. समजा, तुमचा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतो. घरगुती स्पीकरमध्ये हा आकडा नेहमीचा आहे. त्याला वीस वॅट दिले तर १०१ डेसिबल होतात. दहा बाय बाराच्या खोलीत एवढा आवाज फार वेळ कोणाला सोसणार नाही. नव्या पिढीचा ॲम्प्लिफायर तीस वॅटचा आहे. वीसवरून तीसवर गेल्यावर मिळतात दोन डेसिबलहूनही कमी. कागदावर दीडपट दिसतं, कानाला जेमतेम कळतं.

मग ३०२० मध्ये वेगळं काय होतं? एडवर्डसनने आकड्यासाठी ॲम्प्लिफायर बनवला नाही, खऱ्या स्पीकरसाठी बनवला. प्रयोगशाळेत ॲम्प्लिफायर मोजताना त्याला आठ ओहमचा एक रेझिस्टर जोडतात. तो रेझिस्टर बिचारा सरळ, आठचा आठच राहतो. खरा स्पीकर तसा नसतो. डब्यावर आठ ओहम लिहिलेलं असलं तरी काही सुरांवर तो चारवर, तीनवर उतरतो आणि तेवढ्या क्षणापुरता जास्त करंट मागतो. तो करंट पुरवता आला नाही, तर शंभर वॅटची पाटी लावलेलं यंत्रही धाप लागल्यासारखं वाजतं. ३०२० तो करंट देत असे. सतत वीस वॅटचा हा डबा क्षणभरासाठी चाळीस वॅटपर्यंत जाई, आणि स्पीकरचे ओहम खाली उतरले की त्याहूनही पुढे.

आपल्या संगीतात या क्षणभराला फार किंमत आहे. ख्यालाची मैफल आठवा. तानपुरा अखंड चालू आहे, गायकाचा षड्ज लांबवर ठेवलेला आहे. या दोन्हींना थोडी पण सतत ताकद पुरते. आणि मग समेवर तबल्याची थाप पडते. ती सेकंदाच्या लहानशा अंशात येते आणि जाते, पण तेवढ्यात तिला बाकी सगळ्याच्या कितीतरी पट ताकद हवी असते. ती मिळाली नाही की थाप बोथट होते, डग्गा घुमत नाही. सतत किती वॅट, यापेक्षा त्या एका क्षणाला किती मिळतात, हे ऐकणाऱ्यासाठी महत्त्वाचं असतं.

आणि ती ताकदही संपली तर? प्रत्येक ॲम्प्लिफायरची कुठेतरी हद्द येतेच. तिथे आवाजाच्या लहरीचे माथे कापले जातात, सपाट होतात. त्या कापलेल्या कडांमधून नको ते तीक्ष्ण सूर तयार होतात आणि स्पीकरच्या वरच्या छोट्या कोनाकडे, ट्वीटरकडे जातात. पार्टीत आवाज चढवत नेल्यावर ट्वीटर जळतात ते बहुतेक वेळा असे. ॲम्प्लिफायर मोठा होता म्हणून नव्हे, तर छोटा ॲम्प्लिफायर त्याच्या हद्दीपलीकडे ताणला म्हणून. ३०२० च्या मागे एक छोटा खटका होता, सॉफ्ट क्लिपिंगचा. तो चालू केला की हद्दीजवळ आल्यावर लहरीचे माथे कापले जाण्याऐवजी गोलसर होत जात. आवाज जरा जड वाटे, पण कानाला टोचत नसे आणि ट्वीटर वाचत. आपली ताकद कमी आहे हे मान्य करून, ती संपेल त्या क्षणाची तजवीज आधीच करून ठेवणारी ही रचना आहे. मला ३०२० बद्दल जो आदर आहे तो मुख्यतः या खटक्यामुळे.

मागच्या बाजूला आणखी एक गंमत होती. इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर म्हणजे एका डब्यात दोन यंत्रं: येणारा बारीक सिग्नल सांभाळणारा प्री-ॲम्प्लिफायर आणि स्पीकर हलवणारा पॉवर ॲम्प्लिफायर. ३०२० मध्ये या दोघांना जोडणारे धातूचे छोटे दुवे मागे बाहेर ठेवलेले होते. ते काढले की डबा दोन यंत्रांत वाटला जाई. उद्या पैसे आले, मोठा पॉवर ॲम्प्लिफायर घेतला, तर याचा प्री-ॲम्प्लिफायर तसाच वापरता येई. बेताच्या पैशात सुरुवात करणाऱ्यासाठी केलेला हा विचार होता.

पुढे याच डब्याच्या ए, बी, ई, आय अशा आवृत्त्या निघाल्या. फरक बारीकसारीक होते, त्यात मी शिरत नाही. मधल्या काळात कंपनीची मालकी आधी डेन्मार्कला आणि १९९९ मध्ये कॅनडाच्या लेनब्रुककडे गेली. आपण थेट २०१३ वर येऊ. त्या वर्षी कंपनीने जुनं नाव पुन्हा काढलं आणि डी ३०२० आणला.

दोन्ही शेजारी ठेवले तर एकाच कुळातले आहेत असं वाटणारही नाही. नवा एखाद्या जाडजूड पुस्तकाएवढा. उभा ठेवा, आडवा ठेवा. वजन दीड किलोही नाही. बास-ट्रेबलची बटणं गेली, आवाजाचं एक बटण उरलं, बाकी सगळं बोटाच्या स्पर्शावर. एवढा हलका कसा झाला? कारण आतलं तत्त्वच बदललं.

जुन्या पद्धतीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलेल्या नळासारखा काम करतो. जेवढं पाणी हवं तेवढा नळ उघडायचा; अडवलेल्या दाबाची मात्र उष्णता होते. म्हणून जुन्या डब्यात जड ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची पट्टी. नव्या पद्धतीत, म्हणजे क्लास डी मध्ये, नळ एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. तो सेकंदाला काही लाख वेळा उघडझाप करतो. किती वेळ उघडा राहिला यावरून आवाजाची लहर घडते, आणि शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर मिळून ती उघडझाप गाळून टाकतात. अर्धवट अवस्था जवळजवळ नाही, म्हणून उष्णताही फारशी नाही. जुन्या पद्धतीची कार्यक्षमता उत्तमात उत्तम स्थितीत, तीही गणितात, ७८ टक्क्यांच्या पुढे जात नाही आणि व्यवहारात बरीच खाली राहते. क्लास डी नव्वदच्या घरात पोहोचतो.

पहिल्या काळातल्या क्लास डी ॲम्प्लिफायरना एक खोड होती. शेवटची ती गाळणी आणि स्पीकर यांचं जमत नसे; स्पीकर बदलला की वरचे सूर कमी-जास्त होत. डी ३०२० मध्ये जे यूसीडी तंत्र वापरलं ते ब्रुनो पुटझेस या बेल्जियन अभियंत्याने फिलिप्समध्ये असताना शोधलं आणि पुढे हायपेक्स या डच कंपनीत वाढवलं. त्यात चूक तपासण्याचं काम गाळणीच्या नंतर, थेट स्पीकरच्या तोंडाशी होतं. त्यामुळे स्पीकर कसाही वागला तरी आवाजाचा तोल ढळत नाही. एडवर्डसनचा प्रश्न आणि पुटझेसचा प्रश्न एकच होता: प्रयोगशाळेतला रेझिस्टर नव्हे, घरातला स्पीकर. मधल्या पस्तीस वर्षांत यंत्राचं अंतरंग पूर्ण बदललं, पण या कुळाची समज टिकली. दोन्ही पिढ्यांचं खरं नातं मला इथे दिसतं.

आता डब्याच्या मागे बघू. कारण ॲम्प्लिफायर बनवणाऱ्याने ऐकणारा कोण धरला आहे, हे मागची सॉकेट सांगतात. १९७८ च्या डब्यावर फोनोचं सॉकेट होतं, टेपचं होतं, ट्यूनरचं होतं. म्हणजे ऐकणाऱ्याकडे तबकड्या आहेत, कॅसेट आहेत, रेडिओ आहे. २०१३ च्या डब्यावर संगणकासाठी यूएसबी, ऑप्टिकल, कोॲक्सियल आणि मोबाइलसाठी ब्लूटूथ. फोनो गेलं. तबकड्यांचे दिवस संपले, असं कंपनीने धरलं. तो अंदाज चुकला. पाश्चात्त्य देशांत तबकड्यांची विक्री २००७ च्या सुमारापासूनच पुन्हा वर चढत होती. चार-पाच वर्षांत कंपनीने डी ३०२० ची दुसरी आवृत्ती काढली आणि फोनो परत आलं. त्या बदल्यात संगणकाचं यूएसबी काढून टाकलं.

हे सॉकेट काढणं-घालणं किरकोळ वाटेल, पण फोनो म्हणजे नुसतं भोक नव्हे. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात. सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो. म्हणजे आधी सिग्नल शंभरेक पटींनी वाढवायला हवा, तोही खरखर न वाढवता. शिवाय तबकडी कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर चर एकमेकांत घुसतील. आणि वरचे सूर चढवलेले असतात, म्हणजे खरखर त्यांच्याखाली झाकली जाते. वाजवताना हे सगळं नेमकं उलट करून पूर्वपदावर आणावं लागतं. त्यासाठी १९५० च्या दशकात ठरलेलं आरआयएए नावाचं प्रमाण आहे. तबकडी फोनो सोडून दुसऱ्या सॉकेटला जोडलीत, तर आवाज बारीक, पिचका आणि तळ नसलेला येतो तो यामुळेच. ज्यांच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या एलपी जपून ठेवल्या आहेत, त्यांच्यासाठी २०१३ चा डबा अपुराच ठरतो. वेगळा फोनो ॲम्प्लिफायर घ्यावा लागतो.

दुरुस्तीच्या बाबतीत माझा कौल उघडपणे जुन्याकडे आहे. सुरुवातीच्या ३०२० मध्ये स्पीकर हलवणारे ट्रान्झिस्टर होते टू-एन ३०५५ आणि त्याचा जोडीदार एमजे २९५५. ज्यांनी पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग धुंडाळले आहेत, त्यांना ३०५५ ची ओळख करून द्यायला नको. आपल्याकडच्या कित्येक ॲम्प्लिफायरमध्ये आणि पॉवर सप्लायमध्ये तोच जाडजूड धातूचा ट्रान्झिस्टर बसलेला असे. हातात सोल्डरिंग आयर्न आणि समोर सर्किटचा नकाशा असेल, तर चांगला मेकॅनिक आजही हा डबा उभा करू शकतो. नव्या डब्यात भाग तांदळाच्या दाण्याहून बारीक. बिघडला की बहुतेक वेळा अख्खी पट्टीच बदलायची, आणि ती मिळाली तर. विजेची बचत, आकार, सोय या सगळ्यांत नवा पुढे आहे. पण चाळीस वर्षांनी तो कोणी दुरुस्त करेल असं मला वाटत नाही.

कोणाला जुना ३०२० विकत घ्यायचा असेल तर तीन-चार गोष्टी तपासून घ्या. मागच्या पाटीवर किती व्होल्ट लिहिलंय ते आधी वाचा. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा डबा आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर धूर निघेल. मागचे दुवे जागेवर आहेत का पाहा. ते नसतील तर आवाजच येणार नाही, आणि अनेकदा एवढ्याच कारणासाठी डबा बिघडलेला समजून स्वस्तात विकला जातो. आवाजाचं बटण फिरवताना करकर येत असेल तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने ती बहुधा जाते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र इतक्या वर्षांत सुकलेले असतात, ते बदलण्याचा खर्च किमतीत धरा. आणि स्पीकर जोडण्याआधी मेकॅनिककडून स्पीकरच्या टोकांवरचा डीसी व्होल्टेज मोजून घ्या. तो काही मिलिव्होल्टच्या घरात असेल तर ठीक. व्होल्टमध्ये निघाला, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या डब्याला स्पीकर लावू नका.