अंगणवाडी : व्यवसायनीती आणि राज्यसंस्थेची जबाबदारी

(वाराणसी येथे मराठीभाषक कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



वाराणसी ही विद्येची नगरी म्हणून ओळखली जाते. ॲनी बेझंट यांनी १८९८ साली येथे सेंट्रल हिंदू कॉलेज काढले. १९१६ साली हिंदू विश्वविद्यालय आणि १९२१ साली काशी विद्यापीठ स्थापन झाले. जुलै २०२२ मध्ये याच शहरात राष्ट्रीय शिक्षण धोरणावर अखिल भारतीय शिक्षा समागम भरला आणि पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. हे धोरण वयाच्या तिसऱ्या वर्षापासून शिक्षणाचा आरंभ मानते. समागम मात्र प्रामुख्याने उच्च शिक्षणसंस्थांचा होता.

तीन वर्षांच्या मुलाचा विचार करायचा, तर याच शहरातील मदनपुरा, अलईपुरा, बजरडीहा या विणकर वस्त्यांकडे वळले पाहिजे. तेथे घर हीच कर्मशाळा असते. पुरुष मागावर बसतो, स्त्री नळ्या भरते आणि मजुरी विणलेल्या मालावर मिळते. हात थांबला की मजुरी थांबते. अशा घरातील मुलाला सुरक्षित जागा, पोटभर अन्न आणि खेळातून शिक्षण कोणी द्यायचे? हे काम अंगणवाडी सेविकेचे आहे. तिच्याकडून कोणत्या व्यवसायनीतीची अपेक्षा धरायची आणि त्या नीतीसाठी लागणारी साधने कोणी पुरवायची, हे दोन प्रश्न परस्परांपासून तोडता येत नाहीत.

काशी आणि कोसबाड

बेझंट ज्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा होत्या, त्याच संस्थेच्या निमंत्रणावरून मारिया माँटेसरी १९३९ साली मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या. परंतु माँटेसरी पद्धतीचा भारतातील प्रयोग त्यापूर्वीच सुरू झाला होता. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. पुढे ताराबाईंना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. माँटेसरीची महागडी साधने आणि प्रशस्त वर्ग ज्यांच्या आवाक्यात आहेत, त्यांच्याच मुलांपुरते हे शिक्षण राहणार असेल, तर गरिबाच्या मुलाचे काय? १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मूल शाळेपर्यंत येत नाही, म्हणून शाळाच त्याच्या अंगणात गेली. शंखशिंपले, बिया, पाने, माती हीच शिक्षणाची साधने झाली. पुढे कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

त्याच १९४५ साली, त्याच ठाणे जिल्ह्यात, शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. दोन्ही कार्यांचे मार्ग वेगळे होते, विचारही वेगळे होते. पण इतिहासाने त्यांना शेजारी ठेवले आहे आणि त्यातून बोध घेण्यासारखा आहे. ज्या घरातील माणूस वेठीला धरलेला आहे, त्या घरातील मुलाचे शिक्षण केवळ उत्तम पद्धतीने साध्य होत नाही.

त्यागाचा गैरवापर

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका केंद्रावर सोपवण्यात आल्या. योजना निःसंशय मोलाची होती. परंतु ताराबाई-अनुताईंनी स्वेच्छेने पत्करलेली काटकसर राज्यकर्त्यांनी लाखो स्त्रियांवर सक्तीने लादली. सेविका 'मानसेवी' ठरली आणि तिच्या वेतनाला 'मानधन' हे नाव मिळाले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती नागरी पदावर नसल्याचा निर्णय दिला. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने ठरवलेले मासिक मानधन सेविकेला ४,५०० रुपये आणि मदतनीसाला २,२५० रुपये इतके होते. त्यात राज्ये आपापली भर घालतात.

२५ एप्रिल २०२२ रोजी मात्र सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचे मान्य केले आणि त्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच असल्याचे म्हटले. हा निर्णय वर्षानुवर्षांच्या संघटित लढ्याला बळ देणारा आहे. सन्मानाचा शब्द वापरून श्रमाची किंमत बुडवणे हा वेठीचाच सुधारलेला प्रकार होय.

व्यवसायनीतीचा आशय

तथापि, वेतन अपुरे आहे म्हणून कर्तव्यही सैल करावे, असा निष्कर्ष कामगार चळवळीला शोभणार नाही. सेविकेच्या हाती सर्वांत दुर्बल माणूस असतो. त्याला तक्रार करता येत नाही, मतदान करता येत नाही.

पहिला नियम सत्याचा. नोंदवहीत वजन वाढवून लिहिले, की कुपोषित मूल कागदावरून नाहीसे होते, आणि ते कागदावर नसेल तर त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. वरून दडपण आले तरी खरे वजन लिहिणे ही सेविकेची नीती. तिने खरे लिहिल्यावर तिला शिक्षा होऊ न देणे ही संघटनेची नीती.

दुसरा नियम समतेचा. पंगतीत जात नाही, धर्म नाही. विणकराचे मूल आणि सफाई कामगाराचे मूल एकाच चटईवर बसेल. मारणे, घाबरवणे, हिणवणे यांना तेथे थारा नाही.

तिसरा नियम भाषेचा. वाराणसीचे मूल भोजपुरीत किंवा उर्दूत बोलते, डहाणूचे वारलीत. त्या बोलीला गावंढळ म्हणणे म्हणजे मुलाच्या आईलाच हिणवणे होय.

या नियमांचे पालन करायला वेळ लागतो, बिनचूक वजनकाटा लागतो, पाणी व शौचालय असलेली खोली लागते. सेविकेचा वेळ सर्वेक्षणे आणि नोंदी खाऊन टाकत असतील, तर तिने मुलांना गोष्ट सांगायची केव्हा? २०२१ साली महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी निकृष्ट सरकारी मोबाईल परत केले, त्यामागे हाच संताप होता. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची करण्यात आली. यंत्राने चेहरा ओळखला नाही, तर गरोदर स्त्रीला परत पाठवण्याची पाळी सेविकेवर येते. नियम दिल्लीत ठरतो, पण शिव्याशाप तिला खावे लागतात.

संप आणि मूल

येथेच सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविका व मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप जानेवारी २०२४ च्या अखेरपर्यंत चालला. कारखान्याच्या संपात मालकाचा नफा थांबतो, अंगणवाडीच्या संपात मुलाचा घास. शासन हेच शस्त्र म्हणून वापरते आणि संपकरी स्त्रियांना निर्दय ठरवते. वर्षानुवर्षे मागण्या टाळणाऱ्या शासनाची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. तरीही हा प्रश्न केवळ शत्रूचा प्रचार म्हणून झटकून टाकता येणार नाही.

त्याचे उत्तर पालकांच्या संघटनेत आहे. संपापूर्वी घरोघर जाऊन मागण्या समजावून सांगणे, तीव्र कुपोषित मुलांची यादी तयार ठेवून त्यांच्या आहाराची वस्तीतच सोय लावणे, आणि विणकर, शेतमजूर, बांधकाम कामगार यांच्या संघटनांनी मोर्चात मुलांच्या आईबापांना घेऊन उतरणे, ही कामे संपाच्या तयारीचा भाग मानली पाहिजेत. ज्या वस्तीला सेविकेचा लढा आपला वाटतो, तेथे तिला मुलांविरुद्ध उभे करता येत नाही.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण अनुच्छेद ४५ मध्ये घातले, म्हणजेच ते मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. मूलभूत हक्क मात्र सहाव्या वर्षापासून सुरू होतो. पहिली सहा वर्षेही हक्काच्या कक्षेत आणणे आणि त्या वर्षांची राखण करणाऱ्या स्त्रीला पूर्ण वेतन व निवृत्तिवेतन मिळवून देणे, या दोन मागण्या एकत्रच लढल्या पाहिजेत.