पंचविसाचं कुलूप



नातीची बॅटरीवरची स्कूटर घेऊन परवा नवीन जालन्यातल्या एका मेकॅनिककडे गेलो होतो. मागचा ब्रेक ओरडत होता, तेवढंच काम. पोरानं ब्रेक नीट केला, सीट उचलली आणि म्हणाला, "काका, लॉक काढून देऊ का? पंचेचाळीस पळंल." कंट्रोलरच्या डब्यातून बाहेर आलेली बोटभर पांढरी वायर त्यानं दाखवली. तिची दोन टोकं प्लास्टिकच्या क्लिपमध्ये अडकवलेली. क्लिप सोडली की झालं!

आता ही क्लिप साधी नाही. मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, म्हणून या गाडीला नंबर नाही, चालवणाऱ्याला लायसन नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत तपासणी होऊन तसा दाखला मिळतो. क्लिप सुटली, की तीच स्कूटर कायद्याच्या नजरेत बिननंबरची मोटारसायकल होते. अशा गाड्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन खात्यानं 2022 साली मोहीमच उघडली होती.

आणि वेग फुकट मिळत नाही. तो पावणेदोन पट झाला, की हवेचा अडथळा तिपटीवर जातो. बॅटरी तापते, चार्जिंग लवकर उतरतं. थांबायला लागणारं अंतरही तसंच वाढतं. ब्रेक मात्र पंचविसाच्या हिशेबानं बसवलेले.

पेट्रोलच्या गाडीत वेग अडवण्याचं हेच काम इंजिनाचा छोटा संगणक करतो. ठरलेल्या फेऱ्यांवर तो ठिणगी किंवा पेट्रोल क्षणभर तोडतो, गाडी अडखळते. पण ते इंजिन वाचवण्यासाठी, माणूस वाचवण्यासाठी नव्हे. 1999 साली सुझुकीची हायाबुसा मोटारसायकल ताशी 300 किलोमीटरच्या पुढे गेली, तेव्हा अशा गाड्यांवर युरोपात बंदी येईल या धास्तीनं कंपन्यांनी आपसात ठरवून काटा 299 वर अडवला. याला संयम म्हणायचं तर म्हणा!

आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2015 पासून बनलेल्या बहुतेक मालवाहू गाड्यांना 80 चा वेगनियंत्रक सक्तीचा झाला. डंपर, टँकर, शाळेच्या बस यांना 60 चा. दुचाकी त्यातून वगळली. भर वळणावर ताकद एकदम तुटली तर दुचाकीचा तोल जातो, हे खरं. पण हळूहळू ताकद कमी करणारी यंत्रणा आज अशक्य नाही. घोडं अडलंय ते गिऱ्हाइकापाशी. "टॉप किती?" हा शोरूममधला पहिला प्रश्न. ब्रेकचं कोण विचारतं?

मी पोराला सीट खाली टाकायला सांगितलं. तो हसला. "मग मागून हॉर्न ऐका, काका."

ऐकले. कुंडलिकेच्या पुलाकडे निघालो, तर पुढं सळयांचा टेम्पो. जालन्याची सळई देशभर जाते, पण आधी आमच्या नाकासमोरून जाते. टेम्पोबाहेर हातभर लोंबणाऱ्या सळया, टोकाला लाल फडकं, तेही धुळीनं विटकरी झालेलं. खड्डा आला की सगळ्या सळया एकदम खाली-वर व्हायच्या. मागचा मोटारसायकलवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. काटा बारावर होता, आणि मला तोही जास्तच वाटत होता.