ठरावाचे पाणी



आपल्या गावात नवा नळ येतो, गटारावर फरशी पडते, पेठेत दिवे लागतात. या गोष्टी आनंदाच्याच आहेत. परंतु नगरपालिकेच्या ठरावातील पाणी आपल्या घागरीत पडते काय, हे कोणी पाहावयाचे?

महाडचे उदाहरण घ्या. तेही बाजारपेठेचे लहान गाव. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला व १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांस खुले केले. तरीही तळ्याचे पाणी स्पृश्यांचेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा कोठे त्या कागदात जीव आला. आणि ऑगस्टात त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले.

म्हणून सभागृहात आपली माणसे हवीत. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस केंद्राने १९९० साली त्या यादीत स्थान दिले. ७४व्या घटनादुरुस्तीने, १९९२ साली, नगरपालिकांत त्या जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखल्या. धर्मांतराने हक्क गेला, असे सांगणाऱ्यास हे दाखवा.

तूर्त एवढे करा. वस्तीत नळ किती वेळ चालतो आणि पेठेत किती वेळ, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवा. मग माहितीच्या अधिकारात पाणीखात्याचा खर्च मागा. अर्जास दहा रुपये पडतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही माफ आहेत.