लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर
(महोत्सवी समारंभात विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलांना विमान नवे नाही. नागपूरला उतरणारी विमाने त्यांनी पाहिली आहेत. परंतु लढाऊ विमान चालविणारे पहिले भारतीय कोण, असे विचारले तर वर्गात सहसा हात वर होत नाही. त्यांपैकी एक मुंबईचा होता. त्याचे नाव श्रीकृष्ण वेलिणकर.

केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात दाखल झाला. ही गोष्ट सोपी नव्हती. लाखो भारतीय शिपाई त्या युद्धात लढत होते, पण 1917 पर्यंत राजाची सनद असलेला लष्करी अधिकारी होण्याचा मार्ग भारतीयांना जवळजवळ बंदच होता. हरदितसिंग मलिक यांना प्रथम नकारच मिळाला. ते फ्रान्सच्या हवाई दलात जाण्याच्या विचारात होते, तेव्हा ऑक्सफर्डच्या त्यांच्या गुरुजींनी वरिष्ठांना पत्र लिहिले आणि मग दार उघडले. मलिक, इंद्रलाल रॉय, एरल सेन आणि आपले वेलिणकर, या चौघांची नावे त्या काळच्या वैमानिकांत प्रामुख्याने घेतली जातात.

वेलिणकर 23 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये 'सॉपविथ डॉल्फिन' हे विमान चालवीत. त्याची रचना मोठी चमत्कारिक होती. वरच्या पंखाच्या मधल्या उघड्या चौकटीतून वैमानिकाचे डोके बाहेर येई. त्यामुळे आकाश चौफेर दिसे. पण उतरताना विमान उलटले तर पहिला आघात त्या डोक्यावरच! शिवाय ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात हवाई छत्री दिली जात नसे. विमान पेटले तर वैमानिकाला खाली सुखरूप उतरण्याचा दुसरा उपाय नव्हता.

जून 1918 च्या अखेरीस गस्तीवर गेलेले वेलिणकर परतले नाहीत. ते जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडले आणि 30 जूनला निवर्तले. शत्रूने दफन केले, क्रूसही उभा केला, पण त्यावरचे नाव चुकले. त्यामुळे युद्ध संपल्यावरही काही काळ घरच्यांना थडग्याचा ठावठिकाणा लागला नाही. आज ते फ्रान्समध्ये आँगारच्या दफनभूमीत आहे, त्यांच्या स्वतःच्या नावाने. त्याच उन्हाळ्यात, 22 जुलैला, रॉयही पडले. तेरा दिवसांत दहा विमाने पाडण्याचा पराक्रम त्यांच्या नावावर आहे. वय पुरते वीसही नव्हते.

विद्यार्थी विचारतील, ज्या साम्राज्याने दार अडविले त्याच्याचसाठी मरण्यात काय अर्थ? प्रश्न रास्त आहे, तो मी झटकून टाकणार नाही. मला एवढेच दिसते की भारतीयाला विमान झेपणार नाही, हे म्हणण्याची सोय या चौघांनी कोणाला ठेवली नाही. तरीही क्रॅनवेलच्या विमानविद्यालयात भारतीय उमेदवारांची पहिली तुकडी गेली ती 1930 मध्ये. आपले हवाई दल स्थापन झाले 8 ऑक्टोबर 1932 रोजी. म्हणजे पराक्रम सिद्ध झाल्यावरही बारा वर्षे दार बंदच राहिले.

यातून मी एक बोध घेतो. गुणवत्ता आपोआप दारे उघडीत नाही. बाहेरून थाप मारणारा हवा, तसा आतून कडी काढणाराही हवा. मलिकांच्या गुरुजींचे ते पत्र म्हणजे ती कडी होती. धर्मादाय संस्थेचे कामही याहून निराळे नाही. वसतिगृहातली एक जागा, वेळेवर भरलेली परीक्षेची फी, कोणा अधिकाऱ्याला लिहिलेले चार शब्द, एवढ्यावर एखाद्या शेतमजुराच्या मुलाचे आयुष्य पालटते.

विश्वस्तांना माझी विनंती आहे की त्यांनी ही कडी काढण्यात उशीर करू नये. आणि मुलांनो, दार बंद दिसले तरी थाप मारल्यावाचून माघारी फिरू नका.