नजर नरसाळ्यावर हवी

डब्यातलं तेल बाटलीत ओतणारी गृहिणी तेल ओट्यावर सांडायची वाट पाहत नाही. तिचे डोळे नरसाळ्यावर असतात. पातळी चढू लागली की हात आपोआप आखडतो. संगणकांच्या जाळ्याला मात्र ही साधी गोष्ट उमगायला फार वर्षं लागली.

ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला दुवा असा तुंबला, की सेकंदाला 32 हजार बिटांचा वेग 40 बिटांवर आला. अंतर जेमतेम 400 यार्ड! लांबलचक पत्र घेऊन माणूस चालत गेला असता तरी आधी पोचला असता. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये उपाय मांडला: पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, हरवलं की गर्दी झाली असं समजा आणि पाठवणं कमी करा. म्हणजे सांडलं की आवरा.

फाइल उतरवताना हे चालतं, हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येतो. बोलण्याला चालत नाही. पुण्यातली आजी ‘ऐकू येतंय का?’ विचारते, अमेरिकेतल्या नातवाचं ‘हो’ दोन सेकंदांनी येतं, तोवर आजीने पुढचं वाक्य सुरू केलेलं असतं. मग दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम गप्प.

त्यात राउटर बनवणाऱ्यांनी नरसाळीच, म्हणजे पॅकेटं रांगेत थांबतात ती जागाच, मोठी करून ठेवली. मोठ्या नरसाळ्यातून लवकर सांडत नाही, पण वरचा थेंब खाली पोचायला वेळ लागतो. जिम गेटिस यांनी या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हटलं. स्पीड टेस्टचा आकडा बघून खूश होणाऱ्यांनी जरा कान इकडे द्यावा: वेग भरपूर असूनही कॉल अडखळतो.

2011 मध्ये गूगलने वेबआरटीसीचा, म्हणजे ब्राउझरमधून कॉल करायच्या सोयीचा, कोड खुला केला. त्यातलं गर्दी-नियंत्रण नरसाळ्याकडे बघतं. पॅकेटं ज्या अंतराने सुटली त्याहून जास्त अंतराने पोचू लागली, की रांग वाढते आहे हे ओळखायचं आणि पोचणाऱ्या वेगाच्या साधारण 85 टक्क्यांवर उतरायचं. सांडण्याचाही हिशेब असतो: 10 टक्क्यांहून जास्त पॅकेटं हरवली तर वेग घटवायचा, 2 टक्क्यांहून कमी हरवली तर हळूच वाढवायचा, मधे हात तसाच ठेवायचा. पण आधी पातळी, मग सांडणं. हे पुन्हा सांगायला हवं, कारण लक्ष सुटतं ते नेमकं इथेच. आधी पातळी!

एकाच नरसाळ्यात दोघी ओतू लागल्या तर? संयमी असते ती हात आखडते आणि सांडेपर्यंत न थांबणारी शेजारीण, म्हणजे एखादं चालू डाउनलोड, सगळी जागा बळकावते. इटलीतल्या बारीच्या पॉलिटेक्निकमधल्या संशोधकांनी तोडगा सुचवला: शेजारीण आल्याचं दिसलं की ‘पातळी चढली’ म्हणायची खूणच वर सरकवायची, ती गेली की खाली आणायची. एरिक्सनकडून आलेली स्क्रीम, सिस्कोकडून आलेली नाडा याही पद्धती पातळी बघतात, पण घड्याळ बघता त्यांचं नुसतं नाव घेणंच शक्य आहे.

तेव्हा आजीचा कॉल चालू असताना फोटोंचा बॅकअप कृपा करून थांबवावा. तीच ती शेजारीण. काही राउटरांत ‘एसक्यूएम’ नावाची सोय असते, ती नरसाळं भरूच देत नाही. कशी, ते पुढच्या खेपेला.